घरच्या झाडांना हिमालयाचे ऊन? गांजाच्या लागवडीसाठी विकल्या जाणाऱ्या अतिनील दिव्याचे परीक्षण

कॅनडामध्ये घरगुती लागवडीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत गांजाच्या झाडांसाठी म्हणून बनवलेले अतिनील दिवे मिळतात. मी घेतलेल्या दिव्याच्या खोक्यावर बर्फाच्छादित शिखरांचे चित्र आहे. उंच डोंगरावरच्या उन्हात अतिनील किरण जास्त असतात, त्या किरणांमुळे झाड अधिक राळ तयार करते आणि म्हणून हा दिवा लावल्यास फुलोऱ्यातील टीएचसी, म्हणजे नशा आणणारे मुख्य द्रव्य, लक्षणीय वाढते, असा दावा त्या चित्राखाली केलेला आहे. कॅलगरी येथील घरात, झाडे फुलोऱ्यावर आल्यापासून काढणीपर्यंत, मी हा दिवा वापरला. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीचे दिवे अनेक जण बनवतात आणि माझा आक्षेप एखाद्या कारखान्यावर नसून या दाव्यावर आहे. वस्तू म्हणून दिवा नीट बनवलेला आहे. ज्या कारणासाठी तो विकला जातो, ते कारण मात्र तपासणीत टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी कायद्याची बाजू आधीच स्पष्ट करतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे आणि अल्बर्टा प्रांतात एका घरामागे चार झाडे लावण्याची मुभा आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्यावाचून गांजाचे एक झाड लावणे हाही गुन्हा आहे. उत्तराखंडात ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या भांगेच्या लागवडीला जी परवानगी मिळते, ती धागा आणि बियांसारख्या औद्योगिक उपयोगासाठी असते. त्यामुळे हे परीक्षण कॅनडातील मराठी बागप्रेमींसाठी आणि डोंगरी गांजाच्या ख्यातीमागे शास्त्र किती आहे याचे कुतूहल असणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे.

दिव्याची रचना साधी आहे. ॲल्युमिनियमच्या परावर्तक पत्र्याखाली दोन बारीक फ्लुरोसंट नळ्या बसवलेल्या आहेत, चोक आतच आहे आणि टांगण्यासाठी तारा दिलेल्या आहेत. जोडकाम भक्कम आहे, पत्र्याच्या कडा हाताला लागत नाहीत आणि दिवा झाडे वाढवण्याच्या तंबूत मुख्य एलईडी दिव्याच्या शेजारी सहज मावतो. टायमर मात्र वेगळा घ्यावा लागतो. दिवसातून ठरावीक तासच चालवायच्या आणि माणसाच्या डोळ्यांना घातक असलेल्या उपकरणात टायमर नसावा, ही मला पहिली मोठी उणीव वाटते. दुसरी उणीव त्याहून गंभीर आहे. खोक्यावर यूव्ही-ए आणि यूव्ही-बी यांचे टक्केवारीतील प्रमाण छापले आहे, पण कोणत्या तरंगलांबीवर किती किरण बाहेर पडतात आणि किती अंतरावर झाडाला किती मात्रा मिळते, याबद्दल एक अक्षर नाही. यूव्ही-बी म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर आणि यूव्ही-ए म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर. सूर्याचे साधारण २९० नॅनोमीटरहून लहान तरंगलांबीचे किरण ओझोनचा थर जवळजवळ पूर्ण अडवतो, मग डोंगर कितीही उंच असो. दिव्यातून त्याहून लहान लांबीचे किरण निघत असतील, तर त्यांचा कोणत्याही पर्वतावरच्या उन्हाशी संबंध उरत नाही. ग्राहकाने हे ओळखायचे कसे, याचे उत्तर सोबतच्या माहितीपत्रकात नाही.

डोंगराच्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो इतका पसरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, आणि ताजा बर्फ यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. हिमाचल प्रदेशातील पार्वती खोऱ्यालगतचे मलाणा गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथल्या चरसाची ख्याती जगभर आहे. मोरोक्कोतील रिफ पर्वत आणि लेबनॉनमधील बेका खोरे हीही राळेसाठी प्रसिद्ध असलेली उंचावरची ठिकाणे आहेत. १९८३ मध्ये डेव्हिड पेट या अभ्यासकाने असा तर्क मांडला की टीएचसी हे द्रव्य यूव्ही-बी किरण शोषून घेते, तेव्हा ज्या प्रदेशांत हे किरण प्रखर असतात तिथे टीएचसी जास्त असलेली झाडे नैसर्गिक निवडीत टिकली असावीत. त्यानंतर १९८७ मध्ये लायडन, टेरामुरा आणि कॉफमन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी काचगृहात वाढवलेल्या झाडांना ४० दिवस यूव्ही-बीच्या वेगवेगळ्या मात्रा दिल्या, तेव्हा नशेच्या प्रकारातील झाडांमध्ये मात्रेबरोबर टीएचसी वाढल्याचे दिसले. दिवे विकणाऱ्यांचा मुख्य आधार आजही हाच प्रयोग आहे.

त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मात्र विक्रेते सांगत नाहीत. धाग्यासाठीच्या प्रकारातील झाडांना तेवढेच किरण देऊनही त्यांच्यातील कोणत्याही कॅनाबिनॉइडमध्ये, म्हणजे टीएचसीच्या वर्गातील द्रव्यामध्ये, फरक पडला नाही. शिवाय त्या काळातील झाडे आजच्या वाणांच्या तुलनेत टीएचसीमध्ये पुष्कळ कमी होती. कमी पातळीवरून झालेली वाढ आज २० टक्क्यांच्या आसपास टीएचसी देणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गुणासाठी निवडलेल्या वाणांना जशीच्या तशी लागू होईल, असे मानण्यास काही आधार नाही.

याहून मोठी गफलत उंची आणि अतिनील किरण यांचे समीकरण मांडण्यात आहे. कॅलगरी शहर स्वतःच सुमारे १,०४५ मीटरवर वसलेले आहे. केवळ उंचीवर सारे ठरत असते, तर येथील ऊन मुंबईच्या उन्हापेक्षा अतिनील किरणांत वरचढ असायला हवे होते. प्रत्यक्षात कॅलगरीत ऐन उन्हाळ्याच्या दुपारी अतिनील निर्देशांक ७ किंवा ८ च्या आसपास असतो, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, समुद्रसपाटीला, एप्रिल-मे महिन्यात तो निरभ्र दिवशी ११ च्या वर जातो. याचे कारण अक्षांश हे आहे. कॅलगरी ५१ अंश उत्तरेला आहे. तिथे सूर्य डोक्यावर येत नाही, किरण तिरपे येतात आणि त्यांना ओझोनच्या थरातून अधिक लांबचा प्रवास करावा लागतो. उंचीमुळे मिळणारी दहा-वीस टक्क्यांची वाढ या फरकापुढे किरकोळ ठरते. ऋतूचाही विचार करावा लागतो. मलाण्याच्या परिसरात राळ काढण्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो, म्हणजे झाड राळेने भरते तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कलू लागलेला असतो आणि अतिनील किरण जूनच्या मानाने बरेच कमी झालेले असतात. हे किरणच प्रभावाचे मूळ असते, तर सर्वांत तेज माल विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातून यायला हवा होता आणि हिमालयाला त्यात विशेष स्थान उरले नसते.

अलीकडच्या काळात, झाडे कायदेशीरपणे वाढवता येऊ लागल्यावर, हा प्रश्न नीट तपासला गेला आहे आणि त्यात कॅनडातील संशोधकांचा मोठा वाटा आहे. ओंटारिओमधील ग्वेल्फ विद्यापीठात रॉड्रिगेझ-मॉरिसन, लेवेलिन आणि झेंग यांनी दोन वाणांच्या झाडांना फुलोऱ्याच्या पूर्ण नऊ आठवड्यांच्या काळात रोज साडेतीन तास वाढत्या मात्रेने यूव्ही किरण दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष विक्रेत्यांच्या दाव्याच्या नेमके उलट आहेत. मात्रा वाढत गेली तशी पाने लहान आणि वेडीवाकडी झाली आणि प्रकाशसंश्लेषण मंदावले. एका वाणात फुलोऱ्याचे उत्पादनही घटले आणि टीएचसीही घटले. दोन्ही वाणांत गंध देणाऱ्या टर्पीन द्रव्यांचे एकूण प्रमाण कमी झाले. या प्रयोगातील दिव्यांची मुख्य तरंगलांबी २८७ नॅनोमीटर होती, म्हणजे सूर्यप्रकाशातील किरणांपेक्षा थोडी अधिक घातक, ही शंका कोणी काढली तर ती रास्त आहे. परंतु २०२२ मध्ये ग्वेल्फच्याच गटाने वेगळ्या प्रकारच्या अतिनील प्रकाशासह केलेल्या प्रयोगातही उत्पादन किंवा कॅनाबिनॉइड यांत अतिनील किरणांमुळे फरक पडला नाही, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाच्या गटाने सीबीडीचे, म्हणजे नशा न आणणाऱ्या कॅनाबिनॉइडचे, प्रमाण जास्त असलेल्या वाणावर काम केले तेव्हाही परिणाम नगण्यच निघाला. एकट्या १९८७ च्या प्रयोगावर उभा केलेला दावा नंतरच्या इतक्या कामापुढे टिकून आहे असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

असे का होते, याचे उत्तर झाडाच्या अंतर्गत रसायनात आहे. फुलोऱ्यावरच्या देठदार ग्रंथींत आधी सीबीजीए नावाचे आम्ल तयार होते. त्याचे टीएचसीच्या आम्लात रूपांतर होणार की सीबीडीच्या, हे झाडातील विकरांवर (एन्झाइमांवर), म्हणजे ती घडवणाऱ्या वारशाने मिळालेल्या जनुकांवर ठरते. एखाद्या झाडात टीएचसी तयार करणारे विकर कार्यक्षम नसेल, तर त्याला कितीही प्रखर ऊन दिले तरी टीएचसी जन्माला येणार नाही. लंगडा आंब्याच्या कलमाला देवगडच्या कातळावर वाढवले म्हणून त्याला हापूस लागत नाही, तसेच हे आहे. जमीन आणि हवा फळाची चव थोडी इकडेतिकडे करतील, पण जात बदलणार नाहीत. उत्तराखंडातील भांगशेतीलाही हाच मुद्दा लागू पडतो. तिथे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायचे असेल, तर शेत किती उंचीवर आहे यापेक्षा बियाणे कोणते आहे याची काळजी अधिक घ्यावी लागते, कारण डोंगरातील स्थानिक झाडे ही मर्यादा सहज ओलांडू शकतात.

मग डोंगरी चरसाची कीर्ती खोटी आहे का? मला ती खोटी वाटत नाही. तिचे श्रेय चुकीच्या कारणाला दिले जाते, एवढेच माझे म्हणणे आहे. चरस म्हणजे जिवंत झाडाच्या फुलोऱ्यावरून तळहातांनी चोळून वेगळी केलेली राळ. सपाट प्रदेशातील गांजा म्हणजे पाने-देठांसकटचा वाळवलेला फुलोरा. राळ वेगळी काढली की प्रभाव वाढणारच, आणि या दोन वस्तूंची तुलना करून उंचीचा महिमा सांगणे हे तर्काला धरून नाही. त्यात राळ देणारी झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडत आलेल्या लोकांच्या नजरेची भर पडते. काढणीच्या दिवसांतील कोरडी आणि थंड हवाही साहाय्य करते, कारण दमट उष्णतेत फुलोऱ्याला बुरशी लागते आणि टीएचसीचे विघटनही लवकर होते. म्हणजे बियाणे, हात आणि हवा या तिघांचे श्रेय विक्रेत्यांनी एका किरणाला देऊन टाकले आहे. एका दुर्गम गावातील माणसांचे कसब, कोणत्याही मूल्यमापनाशिवाय, नळीत बंद करून विकण्याची ही पद्धत मला मनापासून खटकते.

आता माझ्या प्रत्यक्ष वापराविषयी. एकाच मूळ झाडाची छाट कलमे घेऊन ती रुजल्यावर मूळ झाड काढून टाकले, म्हणजे झाडांची संख्या कायद्याच्या मर्यादेत राहिली आणि सर्व झाडांचा वारसाही एकच राहिला. निम्मी झाडे या दिव्याखाली ठेवली आणि निम्मी अपारदर्शक पडद्यापलीकडे. माती, खत, पाणी आणि मुख्य प्रकाश दोन्हीकडे सारखेच होते. चार झाडांवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, आणि एकाच झाडाच्या शेंड्यावरील व खालच्या फांदीवरील फुलोऱ्यातही प्रमाण वेगळे असते, म्हणून येथे मी टक्केवारीची भाषा वापरत नाही. डोळ्यांना जे दिसले तेवढेच सांगतो. दिव्याखालची झाडे थोडी बुटकी राहिली, त्यांच्या वरच्या पानांच्या कडा आत वळल्या आणि पानांना एक प्रकारची चकाकी आली. भिंगातून पाहिल्यावर राळेच्या ग्रंथींत मला दोन्ही बाजूंना फरक ओळखता आला नाही. सर्वांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दिव्याखालच्या फुलांचे पांढरे केसर लवकर तपकिरी पडू लागले. ग्वेल्फच्या प्रयोगातही हेच नोंदले गेले आहे. नवख्या माणसाची यात हमखास फसगत होईल, कारण केसर तपकिरी होणे ही फुलोरा पक्व झाल्याची खूण मानली जाते. किरणांनी भाजलेले केसर पाहून कोणी वेळेआधी काढणी केली, तर ज्या प्रभावासाठी पैसे खर्च केले तोच हातचा जाईल.

सुरक्षिततेच्या बाबतीत या उत्पादनाला मी नापास ठरवतो. यूव्ही-बीमुळे डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा होते. वेल्डिंगचा झोत उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला जसे डोळ्यांत वाळू गेल्यासारखे दुखते, तीच ही इजा. ती लगेच जाणवत नाही, काही तासांनी जाणवते, म्हणून माणूस बेसावध राहतो. त्वचेचे नुकसान तर साचत जाते. तंबूचे दार उघडताच दिवा आपोआप बंद होईल अशी कळ या दिव्यात नाही. सोबत संरक्षक चष्मा दिलेला नाही. इशारा छापलेला आहे, पण तो खोक्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत. घरात लहान मुले किंवा मांजर असेल त्यांनी तर असे उपकरण मुळीच आणू नये. ज्यांनी ते आणलेच आहे, त्यांनी झाडांची देखभाल दिवा बंद असतानाच करावी आणि अतिनील किरण अडवणारा, बाजूने बंद असलेला चष्मा हाताशी ठेवावा.

किमतीचा विचार केला तर सौदा आणखी महाग पडतो. फ्लुरोसंट नळीतून निघणारे अतिनील किरण वापराबरोबर कमी होत जातात, आणि नळी डोळ्यांना पूर्वीइतकीच उजळ दिसत असल्यामुळे ही घट लक्षात येत नाही. म्हणजे नळ्या ठरावीक काळाने बदलत राहाव्या लागणार. तेच पैसे मुख्य दिव्यावर खर्च केले तर त्याचा मोबदला निश्चित आहे. ग्वेल्फच्याच २०२१ मधील दुसऱ्या प्रयोगात प्रकाशाची तीव्रता १२० पासून १,८०० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंदापर्यंत वाढवली, तेव्हा फुलोऱ्याचे उत्पादन साडेचार पटींच्या आसपास वाढले. त्याही प्रयोगात टीएचसीचे प्रमाण प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर वाढले नाही, ही बाब जनुकांविषयी वर मांडलेल्या मुद्द्याला दुजोरा देते. प्रभावाची काळजी असणाऱ्याने बियाणे किंवा कलम निवडताना खर्च करावा आणि काढणीनंतर साठवणुकीकडे लक्ष द्यावे. १९७६ मध्ये फेअरबेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठवणुकीत टीएचसी कशाने नष्ट होते याचा अभ्यास केला, तेव्हा प्रकाश हेच सर्वांत मोठे कारण ठरले. अंधारी, थंड जागा आणि घट्ट झाकणाची बरणी यांना फारसा खर्च येत नाही, आणि झाडाने जे तयार केले ते त्यांच्यामुळे टिकते.

बांधणीसाठी मी या दिव्याला पाचपैकी चार गुण देईन, माहितीच्या पारदर्शकतेसाठी एक, आणि मूळ दाव्यासाठी एकही नाही. संशोधन करणाऱ्या व्यक्तीला, किरणमापक यंत्र जवळ असेल तर, असा दिवा उपयोगी पडू शकतो. घरच्या बागेसाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही. निर्मात्यांनी तरंगलांबीनुसार मोजमापाचा आलेख, अंतरानुसार मात्रेचा तक्ता, दार उघडताच बंद होणारी कळ आणि चष्मा एवढ्या गोष्टी दिल्या, शिवाय प्रभाव वाढवण्याचा दावा मागे घेतला, तर मी याच उत्पादनाकडे पुन्हा खुल्या मनाने पाहीन. ज्यांच्याकडे तो आधीच आहे आणि परत करण्याची मुदत शिल्लक आहे, त्यांनी तो परत करावा. मुदत संपली असेल, तर नळ्या नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत. त्यांत पारा असतो, म्हणून त्या न फोडता, मूळ वेष्टनात गुंडाळून, महापालिकेच्या घरगुती घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रात द्याव्यात. पत्रा आणि तारा मात्र दुसऱ्या दिव्यासाठी वापरता येतात.